बटाट्याच्या घरी

मनवाच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू होत्या: मिहिकाच्या घशात अडकू शकतील अशा, आणि मिहिका ज्यांच्यात अडकू शकेल अशा. शेंगदाणे, बोरं, शर्टाची बटणं पहिल्या खात्यात. लिफ्ट, सरकता जिना आणि नवऱ्याच्या, म्हणजे तन्मयच्या, मोठ्या आत्याची मिठी दुसऱ्यात. समुद्राचं खातं तिने वेगळंच काढलं होतं. तिथे घसा मिहिकाचा नव्हता, दुसऱ्याच कुणाचा तरी होता.

म्हणून तर पाच वर्षांची पोर शाळेतून आली आणि दप्तर कोपऱ्यात भिरकावत म्हणाली, "आई, मी शार्क दत्तक घेतला," तेव्हा मनवाने तव्यावरची पोळी तशीच करपू दिली.

"काय घेतला?"

"शार्क. पिल्लू आहे. त्याचं नाव बटाटा."

"बटाटा?"

"बाकीच्यांनी वाघ्या आणि किलर आणि बुलेट ठेवलं. मला बटाटा आवडतो."

योजना शाळेची होती. कोकणात शेवरे गावाच्या खाडीत जन्मलेल्या शार्कच्या पिल्लांना शास्त्रज्ञांनी तांदळाच्या दाण्याएवढे बिल्ले टोचले होते आणि एकेक पिल्लू एकेका मुलाच्या नावावर केलं होतं. फोनवर खाडीचा नकाशा उघडायचा, त्यात आपला ठिपका शोधायचा. मिहिकाचा ठिपका तपकिरी होता. तो वर्षभर परुळेकरांच्या घरात पाहुण्यासारखा नव्हे, घरच्यासारखा राहिला. जेवताना मिहिका म्हणे, "बटाटापण जेवतोय." सासूबाई मालिका बघता बघता मध्येच विचारत, "काय गं, तुमचा बटाटा सकाळपासून एकाच जागी का बसलाय? पोट बिघडलं असेल."

मनवाला यात एकच गोष्ट खटकत होती. जे घरात येईल त्याविषयी वाचून काढायची तिला सवय, त्यामुळे तिने शार्कविषयीही वाचलं. शार्कची आई उथळ, सुरक्षित खाडीत येते, पिल्लं घालते आणि आल्या वाटेने निघून जाते. मागे वळूनसुद्धा बघत नाही.

"काय ती आई!" मनवा म्हणाली. "जन्म दिला की संपलं? पोर जगलं की मेलं, चौकशी नको?"

"माहेरी येते, बाळंत होते आणि जाताना पोर माहेरीच ठेवून जाते," सासूबाई म्हणाल्या. "हुशार आहे हो. आम्हाला नाही सुचलं."

वर्षाच्या शेवटी शाळेचा निरोप आला. पिल्लं आता मोठी झाली आहेत, लवकरच खोल समुद्रात निघून जातील. ज्या मुलांना आपापलं पिल्लू बघायचं असेल त्यांना पालकांनी शेवऱ्याला घेऊन यावं. पाण्यात उतरायची तयारी असावी.

शेवटचं वाक्य मनवाने मनात वाचलं आणि ते कायमचं मनातच ठेवायचं ठरवलं. पण मिहिकाला वाचता येऊ लागलं होतं. मुलांना लवकर वाचायला शिकवू नये ते याचसाठी.

*

शार्कच्या शेजारी जाऊन उभं राहायचं, हे कुणी मनवाच्या लहानपणी बोललं असतं तर लोकांनी त्याला आधी डॉक्टरकडे नेलं असतं. हे जमू लागलं ते कानदोरीमुळे.

शार्कच्या नाकाडावर बारीक बारीक छिद्रं असतात, कुणी सुईने टोचून ठेवल्यासारखी. प्रत्येक छिद्रात घट्ट जेली भरलेली असते. कुठलाही जिवंत देह पाण्यात असला की त्याचं हृदय धडधडतं, स्नायू आखडतात, आणि त्या प्रत्येक हालचालीला वीज लागते. अगदी चिमूटभर. ती चिमूट पाण्यात सांडते आणि शार्कला ती जेलीतून कळते. टॉर्चच्या सेलचं एक टोक मुंबईच्या पाण्यात आणि दुसरं केरळच्या पाण्यात बुडवलं, तर मधल्या हातभर पाण्याच्या वाट्याला जेवढी वीज येईल, तेवढीही त्याला पुरते. वाळूखाली दडून बसलेला मासा शार्कला दिसत नाही. पण त्याचं काळीज वाजतं आणि ते शार्क ऐकतो.

काही वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत तशीच जेली तयार झाली. ती नळीत भरून कानदोरी केली, दोरीला भोंगा जोडला, आणि आपण शार्कला कसे ऐकू येतो ते माणसाला पहिल्यांदाच ऐकायला मिळालं. ते ऐकून माणूस जरा खजील झाला. समुद्रात पोहणारी माणसं म्हणजे देवळात ताशा बडवत शिरलेली वरात होती. शार्क अंगावर येतात, शार्क वाईट, म्हणून इतकी वर्षं बोंब मारली. ते बिचारे बहुतेक वेळा काय गोंधळ चाललाय ते बघायला येत होते.

मग नियम झाले. जिथे पिल्लं वाढतात त्या खाड्या शार्कचं घर मानल्या गेल्या आणि माणूस तिथला पाहुणा. पाहुण्याने आत जाण्यापूर्वी काठावरच्या कानदोरीच्या हौदात उभं राहायचं आणि आपला आवाज ऐकवायचा. शांत असेल तर हिरवा दिवा. नसेल तर काठावर बसून शहाळं प्यायचं. त्या हौदाला सगळे उंबरा म्हणत.

मनवाला हे सगळं मुखोद्गत होतं. म्हणून काही ती कमी घाबरत नव्हती. आता नेमकं कशाला घाबरायचं ते तिला कळलं होतं, एवढाच फरक.

निघायच्या आदल्या दिवशी तिने बंदोबस्त केला. तिच्या आईने पाठवलेली चांदीची साखळी मिहिकाच्या कमरेला. त्या साखळीत सासूबाईंनी ओवलेला भोकाचा तांब्याचा पैसा. त्याला टेकून शेजारच्या काकूंनी दिलेली, घोड्याच्या नालेच्या खिळ्याची लोखंडी कडी. आणि कानामागे पाण्यात न पुसणारी काजळाची तीट.

"तू केमिस्ट्रीची बी.एस्सी. ना?" तन्मयने विचारलं. "फर्स्ट क्लास?"

"माझा विश्वास नाहीच आहे. पण बिघडतं काय?"

खरं सांगायचं तर असल्या गोष्टींवर मनवाचा विश्वास नव्हता. पण नुसत्या अविश्वासावर पोर सोपवायचीही तिची तयारी नव्हती.

*

शेवऱ्याच्या उंबऱ्यावर रेवती कुबल नावाची तरतरीत मुलगी होती. समुद्रशास्त्रात पदवी घेऊन गावीच नोकरीला लागलेली. पाहुण्यांशी ती नीट पुस्तकी मराठी बोलायची, पण काही आक्रीत घडलं की मालवणी आपोआप बाहेर यायची.

"आज शेवटचा दिवस, बरं का," ती म्हणाली. "ओहोटी पुरी लागली की उंबरा बंद. या आठवड्यात पिल्लं जाणार. कोण पहिलं?"

तन्मय हौदात उतरला. दुसऱ्या खोलीत मिक्सर चालावा तशी मंद घरघर भोंग्यातून आली. हिरवा दिवा.

"हे घरीपण असेच असतात," मनवा पुटपुटली.

मग मिहिका उतरली. छाती पुढे काढून, शाळेत बक्षीस घ्यायला जावं तशी.

भोंग्यातून जो आवाज निघाला त्याला नाव नव्हतं. वरातीतल्या बेंजोवाल्याला कुणी बेंजोसकट विजेच्या खांबावर चढवलं असतं तर कदाचित तसा आवाज आला असता. काठावरच्या शहाळेवाल्याचा कोयता हवेतच थांबला. दूरवर कुत्री भुंकायला लागली. हौदाच्या एका बाजूला खाडीकडे उघडणारी जाळी होती; त्या जाळीपलीकडे सावल्या जमू लागल्या. एक, दोन, पाच. नाकं जाळीला लावून पिल्लं उभी राहिली, मिठाईच्या दुकानाच्या काचेला पोरं लागतात तशी.

"बटाटा!" मिहिका ओरडली आणि जाळीकडे वाकली.

मनवाने हौदाच्या काठावरूनच तिला काखेत धरून उचललं. पोळी उलटावी इतक्या सहज. आई झाल्यापासून तिच्या दंडांत कुठून बळ आलं होतं देव जाणे.

"आवशीक!" रेवतीने कानावरचे हात काढले. "चेडवान काय ट्रान्सफॉर्मर गिळल्यान काय?" मग तिला नोकरीची आठवण झाली. "सॉरी, वैनी. एवढ्या आवाजात नाही सोडता येणार. पिल्लांना वाटतंय जेवण आलं. ती काही मुद्दाम चावणारी नव्हेत, पण तोंड लावून बघतील. त्यांना हात नाहीत ना. चाचपून बघायचं तर तोंडच."

लाल दिवा लागला.

आणि मनवाच्या पोटात, तिने स्वतःशीच कबूल केलं, गार शहाळं उतरल्यासारखं वाटलं. झालं! नाही म्हणायची पाळी तिच्यावर आलीच नाही. सरकारी दिव्यानेच नाही म्हटलं. आता मुलीचं रडं आवरायचं, वाटेत आइस्क्रीम द्यायचं आणि घरी जायचं.

हे सुख फार टिकलं नाही. दुसरा विचार आला: माझ्या मुलीतून असा आवाज का येतो?

तिने बाजूला जाऊन डॉक्टरांना फोन लावला. मिहिका जन्मल्यापासून ते तिचे फोन घेत होते. आता त्यांच्या आवाजाला संतपण आलं होतं.

"डॉक्टर, मिहिकाच्या अंगातून करंट येतोय."

"ताप आहे?"

"नाही."

"जेवतेय?"

"हो."

"मग येऊ दे."

इकडे तन्मय, आपण काहीतरी केलं पाहिजे असं वाटून, काठावरच्या खडकांवरून अनवाणी इकडून तिकडे धावत होता. काय करावं ते त्याला कळत नव्हतं, पण धावण्यात कसूर नव्हती.

*

झोपडीवजा हॉटेलाच्या बाकावर सासूबाई बसल्या होत्या. शेजारी त्यांच्याकडे पाठ करून मिहिका. समजूत घालायला आणलेल्या चॉकलेटला तिने हातसुद्धा लावला नव्हता, म्हणून ते सासूबाईंनी घेतलं. चष्मा पर्समध्ये राहिला होता. चांदीच्या कागदाचा एक तुकडा चॉकलेटाला तसाच चिकटलेला होता.

"अगं आई गं!" सासूबाई गाल धरून उठल्या. "दाढेत वीज पडली!"

"कुठल्या दाढेत?" मनवा फोन ठेवून धावली.

"चांदी भरलेल्या! असा झटका बसला, असा झटका... तो कागद लागला वाटतं."

"काही नाही हो, आई, तो ॲल्युमिनियमचा असतो. दोन वेगळे धातू, आणि मध्ये लाळ. लाळेत क्षार असतात, मग तोंडातच सेल तयार होतो. आम्हाला सेकंड इयरला प्रॅक्टिकलच होतं, दोन धातू घ्यायचे आणि मिठाचं पाणी..."

मनवा बोलता बोलता थांबली.

मिठाचं पाणी. समोर अरबी समुद्र पसरला होता. त्याहून मोठं चंचुपात्र पृथ्वीवर शोधूनही फारसं सापडलं नसतं.

तिने मिहिकाच्या पाठीकडे पाहिलं. पोहण्याच्या कपड्याखाली कमरेशी साखळीचा उंचवटा दिसत होता. चांदी. तिला टेकलेलं तांबं. त्याला टेकलेलं लोखंड. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत तिने हीच आकृती काढली होती, बाण दाखवून, नावं देऊन. पूर्ण मार्क मिळाले होते. आणि तिच्या आईने, सासूने, शेजारणीने आणि तिने मिळून, वाईट नजर लागू नये म्हणून, पोरीचा सेल केला होता. जिला कुणी पाहू नये म्हणून एवढा खटाटोप, तिच्या कमरेला त्यांनी जेवणाची घंटा बांधली होती.

मनवा हळूच खाली बसली.

हे अजून कुणालाच कळलं नव्हतं. रेवती दुसऱ्या कुटुंबाच्या आजोबांना हौदातून बाहेर काढण्यात गुंतली होती. तन्मय खडकांवर धावत होता. पाणी हळूहळू मागे सरत होतं. आता काही करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. ओहोटी पुरी होईल, उंबरा बंद होईल, मुलगी धड घरी येईल. सांगायचंच तर घरी गेल्यावर सांगता येईल, गंमत म्हणून. खोटं तर बोलायचंच नव्हतं. शहाळं प्यायचं होतं, बस.

तिने शहाळं हातात घेतलं.

"आजी," बाकावर पाठमोरी बसलेली मिहिका म्हणाली, "मी काहीच बोलले नाही, तरी मी मोठ्याने असते का?"

"कोण म्हणतं असं?"

"आईपण म्हणते. मिहू, हळू. मिहू, हळू. आता बटाट्यालापण तसंच वाटलं." तिने नाक पुसलं. "मी पाण्यात हललेसुद्धा नव्हते."

मनवाने शहाळं खाली ठेवलं.

"मिहू, तुझा आवाज नव्हता तो," ती म्हणाली. "माझा होता. ये इकडे."

साखळी काढायला लागली तशी सासूबाई आडव्या आल्या. "चांदी काढ, पण माझा पैसा राहू दे! माझ्या आजेसासूचा आहे तो. त्याने आजवर कुणाला काही होऊ दिलं नाही."

"आई, तो पैसा पोरीला ताटात वाढतोय."

सासूबाईंनी क्षणभर विचार केला आणि हात पुढे केला. "मग माझ्याकडे दे. मला कोण खातंय?"

*

मिहिका पुन्हा हौदात उतरली. भोंगा आधी गप्पच राहिला. मग आतून हलकेच आलं: टुक. टुक. टुक. उडी मारत चालणाऱ्या चिमणीएवढं.

मनवाने हा आवाज पूर्वी एकदा ऐकला होता, अंधारलेल्या खोलीत, पोटावर थंडगार जेली लावलेली असताना. तेव्हाही जेलीच होती. तेव्हाही तिने डॉक्टरांना विचारलं होतं, हे इतकं जोरात का चाललंय, हे असंच असतं ना?

हिरवा दिवा लागला. काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि शहाळेवाल्याने कोयता कपाळाला लावला.

"आता लहान मूल आहे, सोबत मोठं माणूस हवं," रेवती म्हणाली. "दादांचा आवाज चांगला होता. दादा खंय गेले?"

दादा लंगडत येत होते. खडकावरच्या कालवाच्या शिंपल्याने अंगठा कापला होता.

"रक्त? नाय, नाय, नाय! घरात पाऊल टाकायचा नाय!"

सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं.

"मी नाही," त्या ठामपणे म्हणाल्या. "माझ्या बाळंतपणात माझ्या आईने रोज मोरीचं सार घातलंय मला. दूध येतं म्हणून. मोरी म्हणजे काय माहितेय ना? हीच, शार्कच. त्यांच्या आत्या-मावश्या खाऊन बसलेली बाई मी. आता त्यांच्याच घरी कुठल्या तोंडाने जाऊ?" मग त्यांना आणखी काही आठवलं. "तुलाही घातलं होतं, चाखून म्हणालीस, मासा छान आहे."

"ते शार्क होतं?"

"नाव सांगितलं असतं तर खाल्लं असतंस?"

म्हणजे आता आणखी एक काळजी. पण मिहिका हौदाच्या पायरीवर उभी राहून तिच्याकडे बघत होती; आणि पाणी मागे सरत होतं.

मनवाने बांगड्या काढल्या, मंगळसूत्र काढलं, कानातलं काढलं, साडीपिन सापडली तीही काढली. सगळं सासूबाईंच्या ओंजळीत ओतलं आणि हौदात उतरली.

भोंग्यातून पिठाची गिरणी सुरू झाली. पट्टा सैल असलेली, आतल्या दगडांना खडे लागलेली. हे आपलं काळीज आहे हे कळताच ती दचकली. ती दचकली तशी गिरणी जोरात फिरली. गिरणी जोरात फिरलेली ऐकून ती आणखी दचकली. आजवर जी भीती तिने पदराखाली झाकून चारचौघांत मिरवली होती, ती आता साऱ्या किनाऱ्याला ऐकू जात होती. कुणी तरी मोबाइलवर रेकॉर्ड करायला लागलं.

"वैनी, शांत व्हा," रेवती म्हणाली.

'शांत व्हा' ऐकून जगात आजवर कुणी शांत झालेलं नाही. गिरणीत आता कुणी गव्हाऐवजी गोट्या टाकल्या.

जाळीपलीकडून एक सावली आली, ऐकून जरा थबकली आणि वळून लांब गेली. मनवाला त्यातही अपमान वाटला.

"आई," मिहिका हौदाच्या काठाशी पालथी पडून, अगदी कानाशी येऊन म्हणाली, "आपण लोकांकडे जातो तेव्हा काय करायचं असतं?"

"काय?"

"सांग ना. तू रोज सांगतेस. चप्पल बाहेर काढायची. आल्या आल्या पळत आत जायचं नाही. कशाला हात लावायचा नाही. त्यांचं खेळणं मागायचं नाही. त्यांच्या बाळाला उचलायचं नाही, ते आलं तर आलं. दिलं तरच खायचं. आणि?"

मनवाच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "आणि त्यांच्या फ्रिजमध्ये डोकवायचं नाही."

"बघ. तुला येतं की सगळं."

मनवा हसली. मनापासून, पोटातून. समुद्राची रीत तिला कुणी शिकवायची गरजच नव्हती. प्रत्येक लग्नामुंजीला, प्रत्येक हळदीकुंकवाला निघताना तीच तर ती जिन्यात उभी राहून मुलीला ऐकवत होती. फक्त ती स्वतः आजवर ज्यांच्याकडे गेली त्यांच्या तोंडात इतके दात नव्हते.

भोंग्यातली गिरणी मंदावली. बंद नाही झाली. पण पट्टा घट्ट झाला, दगड जागेवर आले, आणि धडधड एका तालात चालू लागली. दिवा बराच वेळ विचार करत राहिला. मग हिरवा झाला.

"काठावर पास," रेवती म्हणाली. "चला."

*

कमरेएवढ्या पाण्यात ती उभी राहिली, मिहिका तिच्या हाताला धरून, छातीभर पाण्यात. पायांखाली मऊ रेती, शेजारी पाण्यात सोडलेली कानदोरी. कुणी हलायचं नाही, कुणी बोलायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मिहिकाला "हळू" म्हणावं लागलं नाही. उलट तिनेच आईच्या बोटांवर अंगठा दाबून धरला.

पाण्यात एक लांबट सावली आली. लाटण्याहून थोडी मोठी. कुठलीही घाई नव्हती तिला. घरातलं माणूस सकाळी पाणी प्यायला स्वयंपाकघरात येतं, तशी ती आली. मिहिकाच्या गुडघ्याजवळून, मनवाच्या मांडीपासून वीतभर अंतरावरून गेली. बिल्ल्याची तपकिरी खूण दिसली. बटाटाच होता.

त्याने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. थांबला नाही, वळला नाही, नाकसुद्धा फिरवलं नाही.

वर्षभर आपण याच्या पोटाची काळजी केली, मनवाच्या मनात आलं, आणि याने एक नजर टाकली नाही! तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की याहून मोठा मान मिळण्यासारखा नव्हता. तो त्यांना भ्यायला नव्हता आणि त्यांना खावं असंही त्याला वाटलं नव्हतं. पाहुणे आहेत, असू देत.

पुढे जाऊन तो वळला तेव्हा पाठीवरचा पंख पाण्याबाहेर आला. पंखाच्या टोकावर एक काळा ठिपका होता. गोल नव्हता फारसा. बोटाने घाईघाईत टेकवल्यासारखा.

फोनवरच्या नकाशात हा कधी दिसला नव्हता. मनवा बघतच राहिली. मागे वळूनही न बघणारी ती आई, जिला तिने वर्षभर नावं ठेवली होती, तीही तर पोराला तीट लावूनच गेली होती. पाण्यात न पुसणारी. तांबं नाही, लोखंड नाही, एवढासा काळा ठिपका, आणि जा बाबा, समुद्र मोठा आहे.

मनवाचे हात आपोआप वर गेले. कानशिलांशी नेऊन तिने दाही बोटं कडकडा मोडली. बटाट्यासाठी, आणि त्याच्या आईसाठीही.

काठावरच्या भोंग्यातून फटाक्यांची लड सुटली.

"वैनी!" रेवती किंचाळली. "हात खाली! दृष्ट काढूची असात तर भायर येवन काढा!"

मागून सासूबाईंचा आवाज आला, "काढू दे गं तिला, एकदा काढली की निवांत होते ती!"

बटाटा तोवर दूर गेला होता. खाडीचं तोंड जिथे रुंद होत होतं तिकडे काळा ठिपका एकदा दिसला, मग फक्त पाणी. पाणी आता मांड्यांपर्यंत खाली आलं होतं. मिहिकाने आईचा हात ओढला.

"आई, निघताना काय म्हणायचं असतं?"

आजवर कुणाच्याही दारातून निघताना मनवाने 'जाते' म्हटलं नव्हतं. तसं म्हणू नये, असं तिला तिच्या आईने शिकवलं होतं. तिने मान जराशी झुकवली आणि खाडीकडे बघत म्हटलं,

"येते हं."

आणि म्हणून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आपण पुन्हा यायचं कबूल करून बसलो आहोत.